शिल्लक कोणाची?
खानदेशातील कडबा, पऱ्हाटी आणि ऊर्जा यांचा इतिहास

केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या कागदपत्रांत बरीच वर्षे एक आकडा छापून येत असे. देशात दरवर्षी सुमारे ५० कोटी टन जैवभार उपलब्ध होतो, त्यातला १२ ते १५ कोटी टन शिल्लक राहतो आणि त्यापासून १८ हजार मेगावॉट वीज मिळू शकते, असा तो हिशेब होता. पुढे हैदराबादच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया या संस्थेकडून नव्याने अभ्यास करून घेतला गेला आणि आकडे बदलले. आता उपलब्धता ७५ कोटी टन, शिल्लक २३ कोटी टन आणि वीज २८ हजार मेगावॉट असे सांगितले जाते.

अशा गणिताची रीत सरळ असते. पिकाच्या उत्पादनाला दाणा आणि काड यांच्या प्रमाणाने गुणायचे, म्हणजे एकूण काड मिळते. त्यातून गुरांचा चारा, चुलीचे सरपण, छपराचे गवत असे ज्ञात उपयोग वजा करायचे. उरेल ते शिल्लक. गुणाकार बिनचूक करता येतो, कारण पेरा आणि उतारा यांची नोंद सरकारी दप्तरात असते. वजाबाकीचे तसे नाही. कोणाच्या गोठ्यात किती कडबा गेला आणि कोणाच्या चुलीत किती पऱ्हाटी जळली, हे कोणत्याच दप्तरात येत नाही. तिथे अंदाज लावावा लागतो, आणि अंदाजात जो बसत नाही त्याचा वाटा 'शिल्लक' या रकान्यात जाऊन पडतो.

काडापासून ऊर्जा करावी की नाही, या वादात सहसा बॉयलरची कार्यक्षमता, वाहतुकीचा खर्च आणि कार्बनचा ताळेबंद यांवर बोलले जाते. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ही शिल्लक आली कुठून? जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरता मी तो तपासायचा ठरवला. १९०६ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच खानदेश जिल्हा होता. मग त्याचे पूर्व आणि पश्चिम असे भाग झाले आणि पश्चिमेतून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठची काळी जमीन, उत्तरेला सातपुडा आणि अधूनमधून दगा देणारा पाऊस, ही या मुलखाची कायमची चौकट.

नावे वेगळी, धनी वेगळे

पहिली गोष्ट भाषेतच सापडते. ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमड, गव्हाचे काड आणि भुसा, हरभऱ्याचे कुटार, तुरीच्या तुराट्या, कपाशीची पऱ्हाटी. दाणा काढल्यावर मागे राहणाऱ्या प्रत्येक वस्तूला मराठीत स्वतंत्र नाव आहे, पण या सगळ्यांना मिळून एक नाव नाही. 'जैवभार' आणि 'पीक-अवशेष' हे शब्द कचेरीतून आलेले आहेत. शेतकऱ्याला एकत्र नावाची गरज पडली नाही, कारण प्रत्येक वस्तूचा धनी वेगळा होता. कडबा बैलाचा, कुटार म्हशीचे, तुराट्या कुडाच्या भिंतीच्या, पऱ्हाटी चुलीची. जे अवशेष म्हणून उरतच नव्हते, त्याला अवशेष तरी का म्हणावे?

खानदेशचे गॅझेटिअर १८८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जळगावजवळच्या असोद्यात बहिणाबाईंचा जन्म झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण मी त्या शेजारी ठेवून वाचतो. गॅझेटिअरच्या नजरेत पीक म्हणजे क्षेत्र, सारा आणि बाजारभाव. 'पेरनी', 'कापनी', 'रगडनी', 'उपननी' अशी नावे धारण करणाऱ्या बहिणाबाईंच्या कविता मात्र खळ्यावरच्या कामांच्या क्रमाने जातात. खळ्यावर दाणा आणि भुसा वेगळे होतात ते वाऱ्याने, आणि दोन्ही घरी नेले जातात. साऱ्याच्या हिशेबात भुशाला जागा नसली, तरी घराच्या हिशेबात ती होती.

ज्वारीच्या बाबतीत तर कडबा हे दुय्यम उत्पन्न मानणेच चुकीचे ठरेल. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत, मुरलेल्या ओलीवर रब्बीत येणारी दादर ज्वारी खानदेशात आजही मानाची आहे. ती भाकरीसाठी जितकी पसंत होती, तितकीच उंच, गोड ताटांसाठी होती. कडब्याचा भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांवर, ठरत असे. वाईट वर्षी तो दाण्याच्या भावालाही मागे टाकी.

कडब्याच्या या किमतीमागे ऊर्जेचा हिशेब आहे. बैल रोज सरासरी सहा-सात किलो सुका चारा खातो. म्हणजे एका जोडीला वर्षाला साडेचार ते पाच टन लागतो. या चाऱ्यावर ती जोडी नांगरट, वखरणी, पेरणी, कोळपणी, मोट आणि बाजारची गाडी असे सगळे ओढीत असे. खाल्लेल्या चाऱ्यातून शेण मिळे. त्याचा एक भाग उकिरड्यावरून शेतात जाई, दुसरा गोवरी होऊन चुलीत जाई. ज्याला आज आपण जैवऊर्जा म्हणतो, ती खानदेशाला कोणी नव्याने शिकवायची गरज नाही. या मुलखाची शेती शतकानुशतके काडावरच चालत होती. फक्त बॉयलरच्या जागी बैल होता.

या चक्रावरचा ताण वाढला तो जंगलाच्या बाजूने. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या आणि चराई व सरपण यांवर बंधने आली. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगल खात्याविरुद्ध केलेली तक्रार नेमकी हीच आहे. गायराने आणि चराऊ राने गेली, आता शेतकऱ्याने गुरे चारावीत कुठे? रान बंद झाले की गुरांचा भार शेतातल्या कडब्यावर येतो. लाकूड महागले की शेण उकिरड्याऐवजी चुलीकडे वळते. मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ वरून लोक त्याला छप्पन्या म्हणत. त्यात माणसांबरोबर गुरेही चाऱ्यावाचून मोठ्या संख्येने मेली. ज्या घरचे बैल गेले, त्या घरची पुढच्या हंगामाची पेरणीही गेली.

कोणतेही जनावर न खाणारे पीक

दरम्यान शेतातले पीकच बदलत होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि मुंबई इलाख्यातल्या कपाशीला अभूतपूर्व भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशातून पुढे नागपूरकडे गेली. भुसावळ हे रेल्वेने घडवलेले गाव ठरले. जळगावची बाजारपेठ कापसाने मोठी केली. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले, वाफेवर चालणारी यंत्रे आली.

कापसाच्या या तेजीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचा काडावर काय परिणाम झाला, याकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. ज्वारीच्या जागी कपाशी आली, की त्या रानातून कडब्याच्या जागी पऱ्हाटी निघू लागते. कडबा बैल खातो. पऱ्हाटी कोणतेच जनावर खात नाही. सरकीची पेंड गुरांना मिळते खरी, पण तिने पोट भरत नाही. म्हणजे एकीकडे चारा कमी आणि दुसरीकडे सरपण भरपूर, अशी अदलाबदल झाली.

पऱ्हाटीला मग तिचा धनी मिळाला. वेचणी संपली की मजूर कुटुंबांनी शेत रिकामे करून द्यायचे आणि मोबदल्यात पऱ्हाटी न्यायची, हा व्यवहार कापूसपट्ट्यात सर्रास होता. बायका चिमट्याने किंवा हातांनी झाडे उपटीत, मोळ्या बांधीत आणि घराच्या भिंतीशी वर्षाची थप्पी रचीत. हा हक्क कुठे लिहिलेला नव्हता आणि त्याचे पैशांत मोल कोणी केले नव्हते. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्या चुलीचा जाळ मात्र त्यावरच चाले. या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी नोंद हीच आहे, कारण आजच्या कोणत्याही वजाबाकीत ती सहज निसटते.

सातपुड्यापलीकडचे उत्तर

पऱ्हाटीचे करायचे काय, या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न खानदेशाच्या शेजारीच झाला. धुळ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता सातपुडा आणि नर्मदा ओलांडून इंदूरला पोचतो. तिथे १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री ही कापूस संशोधनाची संस्था उभी राहिली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते आणि रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड सांभाळीत. १९३१ मध्ये या दोघांच्या नावाने 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर' हे पुस्तक निघाले आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचे नाव ठळकपणे येते. वाड यांचे क्वचितच येते.

त्यांच्यापुढची अडचण व्यावहारिक होती. कपाशीच्या आणि तुरीच्या काड्या इतक्या टणक असतात, की त्या सहजी कुजत नाहीत. त्यांनी शोधलेला उपाय खेड्यातल्या माणसाला शोभणारा होता. काड्या शेताच्या रस्त्यावर पसरायच्या आणि ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होऊ द्यायचा. तो चुरा गोठ्यात बैलांखाली अंथरायचा, मग शेण, मूत मुरलेली माती आणि राख यांच्याबरोबर थर लावून ढीग करायचा आणि ठरावीक वेळाने उलथायचा. तीन महिन्यांत खत तयार. त्यांच्या लेखी शेतातल्या टाकाऊ वस्तूवर पहिला हक्क मातीचा होता.

ही पद्धत नीट पाहिली तर तिला दोन गोष्टी लागतात, मनुष्यबळ आणि गुरे. गाडीच्या चाकांशिवाय चुरा नाही, गोठ्याशिवाय खत नाही. पुढे खानदेशात नेमक्या याच गोष्टी कमी होत गेल्या.

बैल गेला, काड उरले

१९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण देशात प्रसारित झाला. दाणा भरघोस, ताट बुटके. सरकारी पत्रकात उतारा दिसत होता, तर शेतकऱ्याला कडबा कमी झालेला दिसत होता. संकरित ज्वारीबद्दल त्याने दाखवलेल्या अनुत्साहाला त्या काळी अडाणीपणा म्हटले गेले. प्रत्यक्षात तो दोन पिकांची तुलना करीत होता आणि शास्त्रज्ञ एकाच पिकाची.

त्यानंतरचे बदल आपल्या डोळ्यांदेखत झाले. मोटेच्या जागी विजेचा पंप आला. नांगरटीला ट्रॅक्टर आला. मळणीयंत्र आले आणि खळी ओस पडली. ज्वारी-बाजरी मागे पडली आणि मका वाढला. रावेर-यावलकडे केळीने रान व्यापले. गहू काढायला मार्चमध्ये हार्वेस्टर येऊ लागले. हार्वेस्टर वरची ओंबी घेतो आणि काड रानातच सोडतो. ते गोळा करण्याच्या मजुरीपेक्षा आगपेटीची काडी स्वस्त पडते. चुलीच्या बाजूने गॅस सिलिंडर आले. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हा ते मजुरांच्या घरांपर्यंतही पोचले, जरी भरून आणायला पैसे नसले की पऱ्हाटीच पेटते.

आधीचा हिशेब इथे उलटा करून पाहावा. एक बैलजोडी गोठ्यातून गेली, की त्या घरी वर्षाला साडेचार-पाच टन काड 'शिल्लक' पडते. पिकाने जास्त काड दिले म्हणून नव्हे, तर खाणारे तोंड गेले म्हणून. आकड्यांच्या भाषेत ज्याला शिल्लक म्हणतात, तो बहुतांशी उठून गेलेल्या धन्यांचा वाटा आहे. बैल गेला, चूल अर्धी विझली, उकिरडा आटला. आणि मातीने तर आपला वाटा कधीच तोंडाने मागितला नव्हता.

कोळशाच्या दारात काडी

या उरलेल्या काडाकडे उद्योगाची नजर वळणे स्वाभाविक होते. मुंबईच्या माटुंग्यात १९२४ मध्ये कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा स्थापन झाली होती. आज तिला केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी अनुसंधान संस्था म्हणतात. तिने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट आणि पेलेट करण्याची तंत्रे विकसित केली. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते आणि किलोला सुमारे ४ हजार किलोकॅलरी उष्णता देते. ही उष्णता आपल्या औष्णिक केंद्रांतल्या कोळशाच्या तोडीची आहे. राख मात्र कोळशाच्या मानाने फारच थोडी. ब्रिकेटला बाजारात 'पांढरा कोळसा' असे नाव पडले आहे.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी उसाच्या पाचटावर चालणारे गॅसिफायर उभे केले आणि तालुका हा ऊर्जा नियोजनाचा घटक मानावा अशी मांडणी केली. पुण्याच्या आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची पद्धत बसवली. तिला २००२ मध्ये लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. दोघांचाही भर काड जिथे आहे तिथेच, छोट्या प्रमाणावर वापरण्यावर होता.

जगातला मोठा प्रयोग डेन्मार्कचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथे गव्हाचे काड जाळून गावांना उष्णता पुरवणारी केंद्रे निघाली. १९९३ च्या राजकीय करारात वीज केंद्रांनी वर्षाला १२ लाख टन काड वापरावे असे ठरले. इंग्लंडमध्ये इलीजवळ २००० साली ३८ मेगावॉटचे काडावरचे केंद्र सुरू झाले. त्याला वर्षाला सुमारे दोन लाख टन काड लागते. आपल्याकडे पंजाबात जलखेडी येथे १९९२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर १० मेगावॉटचे केंद्र उभारले गेले, पण ते नीट चालले नाही. काडात पोटॅश जास्त असते. त्याची राख कमी तापमानाला वितळते आणि बॉयलरच्या नळ्यांना चिकटते. डेन्मार्कला हे तंत्र जमवायला बरीच वर्षे लागली. शिवाय तिथे काड खाणारे बैल नव्हते आणि थंडीत घरे ऊबदार ठेवण्याची गरज होती. उधारीवर तंत्र आणता येते, परिस्थिती आणता येत नाही.

आता खानदेशात हा प्रश्न दारात येऊन उभा आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये कोळशावरच्या वीज केंद्रांना ५ टक्के जैवभार-पेलेट मिसळण्याचे धोरण दिले. २०२३ च्या सुधारणेत २०२४-२५ साठी ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के असे प्रमाण ठरले. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र आहे. तिथल्या ५०० मेगावॉटच्या दोनच संचांचा हिशेब करू. पूर्ण भाराने चालले तर दिवसाला २ कोटी ४० लाख युनिट. युनिटला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा धरला तर १६-१७ हजार टन. त्याचे ५ टक्के म्हणजे रोज ८०० टनांच्या वर. वर्षात ३०० दिवस धरले तर सुमारे अडीच लाख टन. जळगाव जिल्ह्यात कपाशी साधारण पाच लाख हेक्टरांवर असते. हेक्टरी दोन टनांनी पऱ्हाटी दहा लाख टन होते. म्हणजे जिल्ह्याच्या पऱ्हाटीचा चौथा हिस्सा या दोन संचांना पुरतो.

कागदावर हे जमते. रस्त्यावर तितके सोपे नाही. सुट्या काडाचे वजन घनमीटरला शंभर किलोसुद्धा भरत नाही. पेलेट केले तर सहाशेच्या वर जाते. म्हणून दाबयंत्र गावाजवळ हवे. पऱ्हाटी निघते ती वर्षातल्या तीन-चार महिन्यांत, तेव्हा ती साठवायला जागा हवी.

वजाबाकी पुन्हा मांडताना

या इतिहासावरून मी तीन निष्कर्षांपर्यंत येतो.

पहिला, पऱ्हाटी आणि कडबा एका रकान्यात टाकू नयेत. पऱ्हाटी रानात किंवा बांधावर ठेवली की तिच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडते. २०१७ च्या हंगामात या अळीने राज्यात जे नुकसान केले, त्यानंतर कृषी विभाग फरदड न घेण्याचा आणि पऱ्हाटी वेळेत नष्ट करण्याचा आग्रह धरतो. जी वस्तू तशीही हलवायची आहे, तिच्यापासून उष्णता घेणे शहाणपणाचे आहे. कडबा, सरमड आणि मक्याचा चारा यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर दुभत्या जनावरांचा आणि मातीचा हक्क आधी लागतो. गव्हाचे काड जाळण्याऐवजी विकले गेले तर चांगलेच, पण रोटाव्हेटरने जमिनीत गेले तर आणखी चांगले.

दुसरा, शिल्लक ही पावसावर अवलंबून असते. २०१८ मध्ये राज्यातले १५१ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले, त्यांत जळगाव आणि धुळ्यातलेही अनेक होते. अशा वर्षी जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालतात. एका वर्षी जे प्रशासन काडाला शिल्लक म्हणून मोजते, तेच दुसऱ्या वर्षी त्याच्या पेंढ्यांना नाक्यावर अडवते. वीज केंद्राचा करार मात्र वर्षानुवर्षांचा असतो. धान्याच्या काडावर असा करार करायचा तर दुष्काळी वर्षी तो आपोआप स्थगित व्हावा, ही अट त्यात हवी.

तिसरा, ज्या वस्तूला भाव नव्हता तिला भाव आला, की तिचा लिहिलेला मालक पुढे येतो आणि न लिहिलेला मागे राहतो. पऱ्हाटीचे पैसे शेतकऱ्याला मिळावेत यात शंका नाही. कापसाच्या भावावर त्याचे काही चालत नाही, तिथे हा आधार लहान नाही. पण शेत रिकामे करून पऱ्हाटी नेणाऱ्या बाईचे काय? उपटणी, मोळी आणि वाहतूक यांची मजुरी पेलेटच्या दरात स्पष्टपणे धरली गेली नाही, तर ज्या घराची चूल आजवर फुकटच्या पऱ्हाटीवर पेटली, त्याला सरपण विकत घ्यावे लागेल. दीपनगरची वीज त्याच्या दिव्यात येईल, पण भाकरी दिव्यावर भाजत नाही.

हॉवर्ड आणि वाड यांच्या पद्धतीत राखेलाही थरात जागा होती. काडाने जमिनीतून उचललेला पोटॅश तिच्यात असतो. गावपातळीवरच्या छोट्या भट्टीतली स्वच्छ राख शेतात परत नेता येते. दीपनगरसारख्या केंद्रात ती कोळशाच्या राखेत मिसळून कायमची जाते. तंत्राची निवड करताना हा फरक मोजला पाहिजे.

मंत्रालयाचा पुढचा आकडा कदाचित आणखी मोठा असेल. ट्रॅक्टर वाढतील, बैल घटतील, तशी कागदावरची शिल्लक फुगत जाईल. जळगाव-धुळ्याच्या गावागावांत ती मोजायला माणसे येतील, तेव्हा त्यांच्या अर्जात पिकाच्या नावापुढे आणखी एक रकाना असावा. हे काड गेल्या वर्षी कोणी नेले होते?